नवी गादी आणली तरी मान पुन्हा अवघडते, तेव्हा उशी मोजा

सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळत नाही, बेसिनवर तोंड धुवायला वाकलं की कमरेत कळ येते, आणि आंघोळ-चहा होईपर्यंत सगळं बरंचसं मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या घरात हे दोन वर्षांत तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. तेल लावून, शेक घेऊन, गोळी खाऊन तात्पुरतं थांबायचं आणि महिन्याभरात परत सुरू व्हायचं. ज्यांच्याकडे असंच चाललंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. यातलं बरंचसं काम घरातली दोरी, फूटपट्टी आणि आंघोळीचा टॉवेल एवढ्यात होतं. माणसं मात्र आधी हजारो रुपयांची गादी घेतात आणि मग कारण शोधतात. आम्हीही तेच केलं.

दुखणं गादीचंच आहे का, हे आधी ठरवा

सात दिवस एका वहीत तीन गोष्टी लिहा: उठल्यावर कुठं दुखलं, किती वेळात थांबलं, रात्री कुठं आणि कसं झोपला होता. गादी-उशीचं दुखणं उठताना सगळ्यात जास्त असतं, हालचाल सुरू झाली की साधारण अर्ध्या तासात उतरतं, आणि दुसऱ्या अंथरुणावर झोपलं की कमी होतं. मी वही ठेवली तेव्हा लक्षात आलं की माहेरी गारगोटीला दोन रात्री राहिले, तेव्हा मान अजिबात दुखली नव्हती. तिथं जमिनीवर सतरंजी, तिच्यावर दोन वाकळा आणि एक चपटी उशी असते. प्रवास करून गेले होते, रात्री गप्पा मारत उशिरा झोपले होते, तरी सकाळी मान मोकळी.

घरातल्या घरात हीच परीक्षा घ्यायची असेल तर तीन रात्री खाली झोपून बघा. सतरंजी, दोन वाकळा, उशी नेहमीचीच. कंबर सुधारली तर गादी तपासायची. कंबर ठीक आणि मान तशीच राहिली तर उशीकडे बघायचं. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मात्र हे करायला लावू नका, पहाटे खालून उठताना तोल जातो.

काही दुखणी अंथरुणाची नसतात, आणि त्यांच्यासाठी गादी बदलत बसलं की वेळ वाया जातो. पायाला मुंग्या येणं, पाय बधिर किंवा लुळा पडल्यासारखा वाटणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणं, यातलं काही असेल तर लगेच डॉक्टर गाठा. पंचविशी-तिशीतल्या माणसाची कंबर सकाळी तासभर आखडलेली राहते, पडून राहिल्यावर वाढते आणि चालल्या-फिरल्यावर बरी वाटते, हे महिनोन्‌महिने चाललं असेल तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. तेव्हाही डॉक्टरच. आणि घोरता घोरता श्वास अडकतो, मग एकदम दचकून सुरू होतो, दिवसभर पेंग येते, हे तर उशीवर ढकलण्यासारखं मुळीच नाही.

पहिली वेळ: गादीत पडलेला खळगा

आमची जुनी गादी कापसाची होती. सात वर्षं पिंजून भरून घेतली नव्हती. चादर घातलेली असली की सपाट दिसायची, पण हात फिरवला की कमरेच्या जागी हात खाली जायचा.

तपासायची रीत सोपी आहे. चादर काढा. गादीच्या उशापासून पायथ्यापर्यंत एक दोरी दोघांनी ताणून धरा, दोरी दोन्ही टोकांना गादीला टेकलेली हवी. मग जिथं झोपता तिथं फूटपट्टी उभी धरून दोरीपासून गादीपर्यंतचं अंतर बघा. हीच दोरी आडवीही धरा. आमच्याकडे माझ्या बाजूला पाऊण इंच आणि ह्यांच्या बाजूला दोन इंच निघालं. कोणीही झोपलेलं नसताना दोन इंच. त्यात माणूस झोपला की कंबर आणखी खाली जाते, कुशीवर झोपलं तर पाठीचा कणा झोळीसारखा वाकतो आणि रात्रभर स्नायू ते सावरत बसतात. इंच-सव्वा इंचाच्या वर खळगा असेल तर मी ती गादी कामातून गेलेली धरते.

शरीर रात्रीतून कित्येकदा कूस बदलतं, ते आपल्या ध्यानातही येत नाही. खळग्यात किंवा फार मऊ गादीत कूस बदलायला जोर लावावा लागतो. मग दरवेळी झोप जराशी चाळवते, गाढ झोपेचे तुकडे पडतात. आठ तास झोपूनही अंग जड राहतं ते यामुळं. आम्ही तेव्हा हे वयावर आणि कामाच्या ताणावर टाकत होतो.

गादी टाकून द्यायच्या आधी तिच्याखाली काय आहे तेही बघा. दिवाणाची मधली पट्टी मोडलेली असते, प्लायला पोक आलेला असतो. गादी काढून त्याच दोरीनं फळी तपासा. आमच्या शेजारी नवी गादी आणूनही फरक पडेना. शेवटी सुताराला बोलावल्यावर मधला आडवा टेकू सुटलेला सापडला.

दुसरी वेळ: नवी गादी, जुनी उशी

या भागासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

दिवाळीत आम्ही फोमची गादी घेतली. पहिला आठवडा सुखात गेला, कंबर खरोखरच थांबली. दुसऱ्या आठवड्यात मान धरायला लागली. उजवीकडं वळून रस्ता ओलांडता येईना, सगळं अंग वळवावं लागायचं. मला वाटलं, उशी जुनी झाली. म्हणून दुकानातून जाड, फुगीर फायबरची उशी आणली, तर दोन दिवसांत दुखणं खांद्यापर्यंत उतरलं.

त्याच सुमारास सासूबाईंची कापसाची गादी भरून घ्यायची होती, म्हणून आमच्या भागातल्या गादीवाल्या चाचांकडे गेले. मी मान धरून बोलतेय हे बघून त्यांनी विचारलं, "गादी बदलली का काय, ताई?" हो म्हटल्यावर म्हणाले, "उशी तीच ठेवली असंल. आता खांदा गादीत जातोय न्हवं, मग उशी मान वर उचलती की."

सगळं त्या एका वाक्यात आलं. कुशीवर झोपल्यावर उशीचं काम एवढंच असतं की कान आणि गादी यांच्यातली पोकळी भरायची. कडक गादीवर खांदा वरच राहतो, पोकळी मोठी असते, उशी उंच लागते. मऊ गादीत खांदा रुततो, पोकळी कमी होते आणि तीच उशी जास्त उंच होते. उलटंही होतं: फोम सोडून कापसाच्या कडक गादीवर आलं की जुनी उशी कमी पडते आणि डोकं खाली लोंबतं. गादी बदलली की उशी पुन्हा मोजायलाच हवी. मी अशी दहा-बारा घरं बघितली आहेत जिथं गादीवर पैसे घातले आणि उशीकडं कुणी बघितलंच नाही.

मोजायचं असं. भिंतीला एक खांदा टेकवून सरळ उभे राहा, नजर समोर, खांदा वर चढवू नका. दुसऱ्या कुणाला तरी कानापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजू द्या. माझं साडेपाच इंच भरलं. कडक जमिनीवर एवढी उंची लागेल. आता गादीवर कुशीवर झोपा आणि खांदा किती रुततो ते बघा. आमच्या फोमच्या गादीत साधारण दीड इंच. म्हणजे मला डोक्याच्या भाराखाली दबलेली चार इंच उशी हवी होती. जुनी उशी दबून पाच इंच राहत होती आणि नवीन फायबरची तर साडेपाचच्या वर. उशी रिकामी असताना मोजलेली उंची काही कामाची नसते. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, त्यामुळं डोकं ठेवूनच मोजायचं.

खात्रीसाठी लेकीला मोबाइलवर फोटो काढायला सांगितलं. मी कुशीवर, ती पलंगाच्या बाजूला बसलेली, मोबाइल गादीच्या उंचीवर. फोटोत नाक, हनुवटी आणि छातीचा मध्य एका रेषेत आणि ती रेष गादीच्या कडेला समांतर हवी. माझं नाक छताकडं तिरकं गेलेलं स्पष्ट दिसत होतं.

मग कापसाच्या जुन्या उशीची एका बाजूची शिवण उसवली. आत कापसाच्या गाठी झाल्या होत्या, त्या बोटांनी मोकळ्या केल्या आणि मूठ-मूठ कापूस काढत प्रत्येक वेळी डोकं ठेवून बघत गेले. चौथ्या मुठीनंतर चार इंच आले. शिवण घातली, काढलेला कापूस पिशवीत बांधून कपाटात ठेवला. पाचव्या सकाळी मान दोन्हीकडं सारखी वळली. चाचांना सांगायला मी मुद्दाम जाऊन आले.

उशी कमी उंच असेल तर उसवायचीही गरज नाही. टॉवेलची घडी करून अभ्र्याच्या आत उशीखाली सरकवा, एकेक घडी वाढवत जा. मानेखालची पोकळी वेगळीच राहत असेल तर टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी अभ्र्यात उशीच्या खालच्या कडेला ठेवा. त्यातून नेमकी उंची कळली की मग तशी उशी विकत घ्या. उशीवर खांदा चढवायचा नाही, उशी फक्त डोकं आणि मान यांच्यासाठी असते.

उताणं झोपणाऱ्यांना याहून पातळ उशी लागते. हनुवटी छातीकडं झुकत असेल तर ती जास्त उंच आहे. त्यांनी गुडघ्यांखाली एक जुनी उशी घेतली की कंबर सैल पडते. कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, वरचा पाय पुढं पडून कंबर पिळली जात नाही. पालथं झोपणाऱ्यांची मान रात्रभर एका बाजूला पूर्ण वळलेली राहते. त्यांच्यासाठी चांगली उशी नाही, जवळजवळ उशीशिवाय झोपणं आणि हळूहळू कुशीवर यायची सवय लावणं एवढंच करता येतं.

एकाच गादीवर नवरा-बायकोच्या उशा सारख्या का असाव्यात, हे मला आता कळत नाही. ह्यांचे खांदे रुंद, वजन माझ्यापेक्षा तीस किलोनं जास्त आणि झोपायची सवय उताणं. त्यांना अडीच इंच पुरतात. सेटमध्ये मिळतात म्हणून सारख्या उशा घेणं बंद करा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. उशी बदलली की पाच ते सात रात्री दुसऱ्या कशाला हात लावू नका. नव्या गादीला दोन-तीन आठवडे द्या. सगळं एकदम बदललं तर बरं कशानं वाटलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुकानात जाताना

"पाठ दुखते ना, मग फळीवर झोप," हा सल्ला आपल्याकडं सर्रास मिळतो. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी तपासलं. अंथरुणात पडल्यावरचं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दिवसभराची अडचण, तिन्हींत मध्यम कडक गादीवाले जास्त सुधारले. फळीवर खांदा आणि कमरेचं हाड टेकतं आणि मधली कंबर अधांतरी राहते. तिलाही खालून आधार लागतो.

दुकानात "डेन्सिटी" म्हणून जो आकडा सांगतात, ३२, ४० वगैरे, तो एका घनमीटर फोमचं किलोत वजन असतं. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. गादी कडक की मऊ हे त्यातून कळत नाही, त्यासाठी वेगळं विचारावं लागतं. रिबॉन्डेड फोम म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला थर, तो चांगलाच कडक लागतो. काथ्याची गादीही कडक असते, पण काही वर्षांनी काथ्या तुटून एका जागी बसते. मेमरी फोम उष्णतेनं मऊ होतो, हिवाळ्यात सुरुवातीला कडक वाटतो, आणि अंगाची उष्णता धरून ठेवतो. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरायला हवं असतं, त्यामुळं एप्रिल-मे महिन्यात पंख्यावर झोपणाऱ्या घरात मला तो आवडत नाही. दुकानात दोन मिनिटं बसून गादी कळत नाही. चपला काढून, तुम्ही घरी झोपता तसं, आपली उशी बरोबर नेऊन दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. दुकानदार काही म्हणत नाही, आणि म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

तिसरी वेळ: पावसाळा

जुलैत सासूबाईंना सकाळी उठल्या की सलग दहा-बारा शिंका, नाक बंद, आणि पाठ जड. गादी त्यांची मेमध्ये उन्हात घातलेली होती, पण आपल्या कोल्हापुरातला पाऊस एकदा लागला की पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही आणि हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर राहतो. कापूस ती ओल पितो, दबतो, आणि मेमध्ये चार इंच फुगलेली गादी ऑगस्टमध्ये फरशीसारखी लागते. उशीचंही तेच होतं. दरवर्षी याच दिवसांत दुखणं का परततं, त्याचं हे कारण.

शिंकांचं कारण बहुतेक वेळा धुळीतले माइट असतात. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे हे जीव डोळ्यांना सहज दिसत नाहीत, आपल्या अंगाच्या गळलेल्या त्वचेवर जगतात आणि हवेतूनच पाणी घेतात. दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते तगत नाहीत. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेनं. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुतले की माइट मरतात, गार पाण्यात मरत नाहीत. गादीवर घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घातली तर आतले आत राहतात.

ऊन नसताना काय करायचं? रोज सकाळी उठल्या उठल्या अंथरूण घडी करून ठेवायची आपली सवय पावसाळ्यात थोडी मोडा. चादर बाजूला करून तासभर गादी उघडी राहू द्या, पंखा चालू ठेवा, रात्रभराचा घाम उडून जातो. रविवारी गादी भिंतीला उभी करा. तासाभराची उघडीप मिळाली तरी उशा लगेच गॅलरीत घाला. आणि बॉक्सचा पलंग असेल तर गादी उचलून तिची खालची बाजू बघाच. आमच्या फोमच्या गादीखाली प्लायवर गादीच्या आकाराचा ओला डाग आणि त्याच्या कडेनं काळी बुरशी होती. खाली बॉक्स वाकळा-पातेल्यांनी गच्च भरलेला, हवेला जागाच नाही. सुताराकडून प्लायला वीतभर अंतरावर भोकं पाडून घेतली, बॉक्स निम्मा रिकामा केला, बुरशी पुसून प्लाय वाळवला. त्यानंतर तो वास आला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना गाद्यांचे रस्त्यावरचे ढीग आठवत असतील. त्यातल्या काही गाद्या वाळवून परत वापरल्या गेल्या, हे मला माहीत आहे. पुराचं पाणी गटारासकट येतं. ती घाण कापूस किंवा फोमच्या आतून निघत नाही, वरून कितीही ऊन दिलं तरी. पैशाची ओढ असली तर खाली सतरंजीवर झोपा, पण ती गादी नको.

कापसाची गादी दोन-तीन वर्षांनी पिंजून भरून घ्यावी, आणि मृग लागायच्या आधी. दर महिन्याला उशाची बाजू पायथ्याला फिरवावी, पालथीही करावी. फोमची गादी एकाच बाजूनं वापरायची असेल तर पालथी करू नका, फक्त उशा-पायथा बदला.

सासूबाईंना रात्री घशाशी आंबट येतं म्हणून त्या तीन उशा घेऊन झोपायच्या, आणि मान दुखते म्हणायच्या. उशांची उतरंड केली की शरीर पोटात दुमडतं आणि आंबट आणखी वर येतं. आता पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे आहेत, उशी एकच, आणि त्या डाव्या कुशीवर झोपतात. घरात तान्हं बाळ असेल तर त्याला उशी नकोच, मोहरीचीसुद्धा नको. वर्षाच्या आतलं बाळ सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं झोपवावं, आजूबाजूला उशी, लोड, दुलई काही ठेवू नये. मोहरीची उशी आपल्याकडं फार मायेनं शिवली जाते, हे मला माहीत आहे, तरीही.

परवा मान पुन्हा जराशी ओढल्यासारखी वाटली. रात्री लेकीला फूटपट्टी घेऊन बसवलं आणि मोजलं: साडेतीन इंच. आठ महिन्यांत कापूस अर्धा इंच बसला होता. कपाटातली पिशवी काढली, शिवण उसवली आणि दोन मुठी परत भरल्या.